तिसऱ्या ‘नाई’पर्यंत

आमच्या भूगोलाच्या बाई कुणाच्याही घरी पुढच्या दारानं शिरल्याचं मला आठवत नाही. बल्लारपूरला आमच्या मुख्याध्यापकांच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही सगळ्या शिक्षिका ठेवणीतल्या साड्या नेसून, अंगावर गुलाबपाणी घेत कमानीतून आत गेलो. बाई आल्या मांडवाच्या मागून, आचाऱ्याच्या भट्टीकडून. पदर खोचलेला, आणि हातात उष्ट्या पत्रावळींचा ढीग. पंगतीत बुंदी वाढायला पोरांची झुंबड असते, उष्टं उचलायला कोणी नसतं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. "समोरून गेलं का पाहुना, मांगून गेलं का घरचा," असं म्हणून त्या पुढच्या ओळीकडे वळल्या. आणि निघताना यजमानीणबाईंनी आम्हा सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, पण गळ्यात पडून रडल्या त्या बाईंच्या. मी आहेरात चांगला डिनर सेट दिला होता.

मला बाईंचा हेवा वाटायचा. फिरवून सांगितलं तरी अर्थ तोच निघेल, म्हणून सरळच सांगते.

दिसायला काही नव्हतं हो त्यांच्यात. उंच, हाडकुळ्या, थंडीत साडीवर भावाचा जुना स्वेटर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. खांद्याला कापडी पिशवी, आणि त्या पिशवीत सुतळी, साबणाची वडी आणि स्वतःची पितळी पळी. पळी कशाला, असं मी एकदा विचारलं. "कुठी वाढाले लागलं तर?" म्हणाल्या. माहेर पोंभुर्ण्याकडचं, धानाच्या शेतीचं. नवरा पेपर मिलमध्ये होता. तो फारसं बोलत नसे. घरात बोलण्याचं सगळं काम बाईंनीच घेतलेलं असल्यामुळे त्याला गरज पडत नसावी.

त्या पळीचा एक कायदा होता. "पहिलं नाई लाजेचं, दुसरं रीतीचं, तिसरं पोटाचं." म्हणजे जेवणारा पहिल्यांदा नको म्हणाला तर ते ऐकायचंच नाही, दुसऱ्यांदा म्हणाला तर ऐकल्यासारखं करायचं, आणि तिसऱ्यांदा म्हणाला तरच पुढं जायचं. शाळेच्या स्नेहसंमेलनात शिक्षणाधिकारी जेवायला बसले होते. त्यांच्या पानात बाईंनी वांग्याची भाजी दोनदा अशीच लोटली. साहेब घाम पुसत जेवले आणि जाताना म्हणाले, "आईनंतर असा आग्रह कुणी केला नाही." मी त्याच दिवशी साहेबांसमोर इंग्रजीतून स्वागताचं भाषण केलं होतं. व्याकरणाची एक चूक नव्हती त्यात. त्याबद्दल साहेब काही बोलले नाहीत.

भिंतीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

बाईंच्या माहेराला लागून जंगलातलं एक लहान गाव आहे. वाघ बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना सेवेचंही समाधान मिळावं म्हणून कुठलीशी सहलीची कंपनी त्यांना तिथल्या शाळेत आणायची. पाहुणे शाळेची भिंत रंगवायचे. पहिल्या गटानं ती निळी केली. पुढच्या गटानं त्या निळ्यावर पिवळा रंग दिला. त्याच्या पुढच्यानं पिवळ्यावर वाघ काढला, त्याचं तोंड मांजरीसारखं झालं. दर वेळी गावातल्या बायका मोहफुलं वेचायचं सोडून त्यांच्यासाठी पाणी भरत आणि मुलं नाच करून दाखवत. बाई आणि मी गेलो तेव्हा चौथा गट आला होता आणि मांजरीवर पांढरा चुना चढत होता. सावलीत बसलेला एक म्हातारा बाईंना म्हणाला, "भिंत जाडी होऊन राह्यली, बाई. वरचे कवेलू मातर कोनी पाहात नाई." छपराची कवेलू, म्हणजे मातीची कौलं, जागोजागी सरकली होती आणि आतून आभाळ दिसत होतं.

बाई थेट त्या गोऱ्या पोरापोरींसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "मॅडम, इचारा यायले, तुमी आले नसते तर हे काम अडलं असतं काय? अन् जे अडून राह्यलं ते तुमाले दिसलं काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या लांबून आलेली पाहुणी माणसं! मी इंग्रजीत म्हटलं, "बाई तुमचे आभार मानताहेत."

बाईंना इंग्रजीचे पाच शब्द येत. पण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं! "माह्यं एवढं मोठं बोलनं, त्याचं एवढुसंच झालं?" मग त्यांनी स्वतःच एका मुलीचा हात धरला, तिला वर्गात नेलं आणि वरचं आभाळ बोटानं दाखवलं. बस. दुपारपर्यंत गावातले दोघं छपरावर चढले होते. खाली पोरापोरींची रांग लागली होती आणि कवेलू हातोहात वर जात होती. संध्याकाळी त्या सगळ्यांनी बाईंबरोबर फोटो काढले. मला म्हणाले, जरा आमचा फोटो काढता का?

तेव्हापासून बाईंच्या डोक्यात हे बसलं. आपण कधी परदेशात गेलो तर काय करायचं नाही, ते त्यांना गावातच कळलं होतं. आणि त्या परदेशात माझ्या आधी गेल्या! तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं मी, आणि विमानात बसल्या भूगोलाच्या बाई. त्यांची मुलगी इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या एका गावात नर्स आहे. तिनं बोलावलं होतं.

जाण्याआधी बाईंनी मुलीला एकच प्रश्न शंभरदा विचारायला लावला: पाहुणी म्हणून आलेल्या बाईला तिथं फुकटचं काम करता येतं का? येतं, थोडे दिवस, नोंदणी झालेल्या संस्थेत, असं उत्तर आलं तेव्हाच पिशवीत पळी पडली. तिथं पोचल्यावर पहिले काही दिवस त्यांनी काहीही केलं नाही. नुसत्या चालल्या. गावातल्या सगळ्या मोठ्या इमारतींची मागची दारं पाहून आल्या. "समोर पाटी राह्यते. कोन थकलं ते मांगंच दिसते," असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. एका हॉलच्या मागं त्यांना दोन म्हाताऱ्या बायका भले मोठे भगुणे, म्हणजे पातेली, घासताना दिसल्या. आत एकट्यादुकट्या, घर नसलेल्या माणसांना फुकट जेवण मिळत होतं. तिथं वाढायला येणारे पुष्कळ होते, घासायला त्या दोघीच. बाईंनी तारेची घासणी उचलली.

पुढचं बरंचसं मला त्यांच्या मुलीनं आमच्या शाळेच्या ग्रुपवर टाकलेल्या व्हिडिओंतून कळलं. बाई स्वतः काही टाकत नसत. टाकलं असतं तर निदान बढाई मारतात असं म्हणता तरी आलं असतं.

भांडी घासता घासता त्यांच्या हाती वाढण्याचं काम आलं. तिथला नियम असा की आणखी हवं का म्हणून विचारायचं, समोरचा नको म्हणाला की पुढं जायचं. एक टाय लावलेले आजोबा रोज येत. रोज एक वाढप खात, आणखी विचारलं की नको म्हणत आणि उठून जात. बाईंनी त्यांच्या ताटात पळी रिकामी केली. ते म्हणाले, नको. बाईंनी दुसरी पळी रिकामी केली. ते पुन्हा म्हणाले, नको. मग बाई पळी भरून तिथंच उभ्या राहिल्या. आजोबांनी मान खाली घातली आणि सगळं खाल्लं. "तिसरं नाई आलंच नाई, मॅडम," बाई मला सांगत होत्या. "इतके दिवस भुकेला उठून जात होता तो मानूस. कोनी दुसऱ्यांदा इचारलंच नाई त्याले."

एकदा फसल्याही. साखरेचा आजार असलेल्या एका गृहस्थांच्या ताटात दोन वेळा पुडिंग पडलं. ते जे बोलले ते बाईंना कळलं नाही, म्हणून त्या हसत राहिल्या. त्यानं ते आणखी भडकले. रात्री मुलीनं अर्थ सांगितला तेव्हा बाईंना झोप लागेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी कान धरून माफी मागितली. तेव्हापासून कायद्यात एक दुरुस्ती झाली: गोडाचं पहिलंच नाई खरं. आणि सगळ्यांना त्यांनी आपली पंगतीतली रीत शिकवली. खरंच नको असेल तर तोंडानं बोलू नका, ताटावर दोन्ही हात पसरा. त्या व्हिडिओत बाई पळी घेऊन येताना दिसतात आणि अख्खा हॉल हसत हसत ताटांवर आडवा पडतो.

ग्रुपवर नुसता वर्षाव झाला. मुख्याध्यापकांनी लिहिलं, शाळेचा अभिमान. मी अंगठा पाठवला. पाठवताना दातओठ खाल्ले.

पण माझं खरं दुखणं वेगळं होतं. परत आल्यावर बाई पूर्वेकडच्या एका देशात सहलीला निघाल्या. कंपनीची मोठी सहल होती. स्टाफरूममध्ये मला म्हणाल्या, "मॅडम, येता काय?" माझा जीव असा सुपाएवढा झाला! मी म्हटलं, "छे हो बाई, मला कुठं जमतंय." आणि वाट पाहिली. बाईंनी "बरं" म्हटलं आणि डबा उघडला. त्या पीटीच्या सरांच्या बायकोला घेऊन गेल्या. जगाला तिसऱ्या नाईपर्यंत विचारणारी बाई, मला मात्र एकदाच!

तिकडच्या गोष्टी मला पीटीच्या सरांच्या बायकोनं सांगितल्या, मी न विचारता. सहलीत अर्धा दिवस अनाथाश्रमात मुलांशी खेळण्याचा कार्यक्रम होता. बाईंनी गाईडला विचारलं, काल कोण आलं होतं? दुसरी सहल. उद्या कोण येणार? तिसरी. "मंग त्या लेकराईनं रोज एका नव्या मावशीले जीव लावाचा अन् रोज तिले टाटा कराचा?" असं म्हणून त्या बसमधून उतरल्याच नाहीत. नंतर हॉटेलच्या मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरल्या, तर तिथल्या लोकांनी त्यांना हाकलून दिलं. हे ऐकून मला दोन दिवस फार बरं वाटलं.

मग माझी पाळी आली. माझा मुलगाही इंग्लंडमध्ये, पण दुसरीकडे, मोठ्या शहरात असतो. त्यानं मला उन्हाळ्यासाठी बोलावलं. मी मनाशी ठरवलं की आता दाखवतेच. पाच शब्दांवर बाईंनी एवढं केलं, माझ्यापाशी तर अख्खी भाषा होती. जाण्याआधीच मी संगणकावर बसून शोधलं. समुद्रपक्ष्यांची अंडी राखायची असतील तर आधी भली मोठी रक्कम भरायची होती. कुठं वर्षभराचं वचन हवं होतं, कुठं कसकसले दाखले. तिथं गेल्यावर दोन ठिकाणी समोरच्या दारानं जाऊन भेटले. त्यांनी गोड हसून कळवतो म्हटलं. कळवलं कुणीच नाही.

घरात मुलगा आणि सून सकाळी कामावर जात. सून चांगली आहे. जाताना म्हणायची, "आई, आराम करा ना." स्वयंपाकघरात तिची यंत्रं, माझ्या हातांना काम नाही. बल्लारपूरला परतल्यावर बाईंना तोंडावर सांगायला काहीतरी हवं होतं, हे तर होतंच. पण एका दुपारी खिडकीशी बसले असताना माझ्या मनात आलं की या एवढ्या शहरात मी आज खाली उतरले नाही तर कुणाच्या लक्षातही यायचं नाही. त्या विचारानं मला रडू आलं. मग मी चपला घातल्या आणि नाक मुठीत धरून बाईंची युक्ती वापरली.

वाचनालयाच्या मागच्या दाराशी एक उंच बाई खुर्च्यांची चळत ढकलत होती. एकटीच, धापा टाकत. मी काही न बोलता दुसऱ्या बाजूनं हात लावला. आत दुसऱ्या देशांतून आलेल्या बायकांना इंग्रजी बोलायला शिकवायचा वर्ग भरणार होता, आणि शिकवणाऱ्यांपैकी कुणीतरी आलं नव्हतं. त्या उंच बाईनं मला एका टेबलाशी बसवलं. समोर सुदानहून आलेली एक तरुण आई होती. तिच्या मुलाचा कान दुखत होता आणि डॉक्टरांकडे फोनवर नंबर लावायचा तिनं धसका घेतला होता. मी फोन झाले, मी डॉक्टरांकडची बाई झाले, आम्ही पुन्हा पुन्हा तेच बोललो. व्याकरणाच्या चुका होत होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्या काढल्या नाहीत. वर्ग संपायच्या आत तिनं खराखुरा फोन लावला, सगळं नीट सांगितलं आणि नंबर मिळवला. फोन ठेवून तिनं टेबलावर माझा हात घट्ट धरला. म्हणाली, पुढच्या मंगळवारी?

तेवढ्यात ती उंच बाई आली आणि तिनंही तेच विचारलं. पुढच्या मंगळवारी याल का? हा गट तुम्ही घ्याल का?

माझ्या तोंडून काय निघावं? "नको नको, मी कशी घेणार! तुमच्याकडे माझ्याहून चांगली माणसं असतील."

ती म्हणाली, "काही हरकत नाही. आज आलात, फार मदत झाली." आणि दिवे बंद करायला गेली.

मी कोट घातला. एकेक बटण सावकाश लावलं. वरपर्यंत लावून झालं, तरी ती परत येऊन विचारेना. मग मी बाहेर पडले.

घरी येऊन बाईंना फोन लावला. दुसऱ्या कुणाला लावला असता तर बरं, पण हे कळणारी दुसरी होती कोण? सगळं सांगितल्यावर पलीकडून बराच वेळ नुसतं हसणंच ऐकू येत राहिलं.

"अवो माय! तिनं इचारलं अन् तुमी नाई म्हनल्या? काऊन?"

"पहिल्यांदा म्हणायचंच असतं ना!"

"मॅडम, तिथी पंगत नाई. तिथी आपल्या पानावर आपल्यालेच वाढून घ्या लागते. जा मंगळवारी, अन् सांगा तिले, माह्यं नाई लाजेचं होतं."

मग मला राहवलं नाही. "आणि तुम्ही? सहलीला मला एकदाच का विचारलंत? सगळ्या जगाला तीनदा, आणि मला एकदाच?"

बाईंचं हसणं थांबलं. मग म्हणाल्या, "तुमी इंग्रजीच्या बाई. एवढं नीटनेटकं बोलता. मले वाटलं, तुमचं नाई म्हंजे नाईच राह्यते. मले लय वाईट वाटलं होतं त्या दिवशी. डबा गेला नाई घशाखाली."

मी फोन ठेवला आणि उगाचच सुनेची सगळी भांडी यंत्रातून काढून हातानं घासली.

मंगळवारी मागच्या दारानंच गेले. माझ्या टेबलाशी एक निवृत्त गृहस्थ बसले होते. गट त्यांना दिला होता. मी त्या उंच बाईला म्हटलं, "मागच्या वेळी मी नाही म्हणाले, कारण आमच्याकडे पहिल्यांदा नाही म्हणतात. मला पुन्हा विचारा." शाळेत असं वाक्य मी कुणाला शिकवलं नव्हतं. ती आधी बुचकळ्यात पडली, मग मोठ्यानं हसली आणि तिनं पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं. तिनं मला कोपऱ्यातलं रिकामं टेबल दाखवलं. मी जाऊन बसते तोच सुदानच्या बाईनं आपली खुर्ची उचलली आणि माझ्याकडे आणून ठेवली. मुलाचा कान बरा झाला म्हणाली. त्या गृहस्थांचा चेहरा उतरला. हेव्याची पाळी पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाची होती, आणि खोटं कशाला बोलू, मला फार गोड वाटलं.

व्हिसाच्या नियमात बसले तेवढे मंगळवार मी गेले. ग्रुपवर एकही फोटो टाकला नाही. बाईंची बरोबरी करायची तर पुरतीच करावी.

परत आले आणि हिवाळ्याच्या तोंडाशी पोंभुर्ण्याकडे धान कापून झालं. बाईंनी माहेरी नव्या तांदळाच्या जेवणाला बोलावलं. मी मागच्या दारानं गेले. चुलीपाशी बाईंच्या वहिनी होत्या. त्यांनी मला विळी दिली आणि कांदे पुढं सारले. बाईंनी ते पाहिलं. मग मला पंगतीत बसवून त्या ती पितळी पळी घेऊन भात वाढायला आल्या. पळी माझ्या पानावर धरूनच म्हणाल्या, "मॅडम, उन्हाळ्यात पोरीकडे जाऊन राह्यली मी. त्या दोन्ही म्हाताऱ्या आता लयच थकल्या म्हन्ते. भगुने घासाले मानूस पाह्यजे. येता..."

"हो," मी म्हटलं.

बाईंची पळी तशीच राहिली. भात त्यात निवत होता.

"बाप्पा! मी अजून दोनदा इचारनार होती."

"मग विचारा ना," मी म्हटलं.

त्यांनी खरंच आणखी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा, लाज आणि रीत बाजूला ठेवून, हो म्हटलं.